जुन्या गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर जपून ओव्हरक्लॉक कसा करावा

पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला, किंवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानातून अलीकडेच वापरलेला म्हणून घेतलेला गेमिंग लॅपटॉप मंदावला, की ‘ओव्हरक्लॉक करून टाक’, म्हणजे प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवलेल्याच्या वर ने, असा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. हा सल्ला चुकीचा नसतो, पण अर्धवट असतो. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसरचा मूळचाच वेग उष्णतेमुळे कापला जात असतो, आणि तो परत मिळवल्यावर जो फरक पडतो त्यापुढे ओव्हरक्लॉकिंगने होणारी वाढ किरकोळ असते. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी प्रोसेसर ओळखावा, मग तापमान मोजावे, मग साफसफाई करावी, मग व्होल्टेज उतरवावे, आणि एवढे सगळे झाल्यावर, प्रोसेसर तसा असेल तरच, त्याचा वेग वाढवावा. हा क्रम उलटा केला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

लेख प्रामुख्याने इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीतल्या, म्हणजे साधारण २०१५ ते २०२० या काळात आलेल्या, ‘एच’ मालिकेच्या प्रोसेसरांसाठी आहे. एएमडीच्या रायझन लॅपटॉपवाल्यांना मोजमाप आणि साफसफाईचा भाग जसाच्या तसा लागू पडतो. व्होल्टेज आणि गुणक यांचा भाग मात्र त्यांनी सोडून द्यावा, कारण तिथली साधने वेगळी आहेत.

आपला प्रोसेसर कुलूपबंद आहे की मोकळा?

टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात गेल्यास प्रोसेसरचे पूर्ण नाव वरच दिसते. त्या नावाच्या शेवटची अक्षरे महत्त्वाची आहेत. शेवटी ‘एचक्यू’ किंवा नुसते ‘एच’ असेल, उदाहरणार्थ आय७-७७००एचक्यू, आय५-८३००एच, आय७-८७५०एच किंवा आय७-९७५०एच, तर त्या प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद आहे. शेवटी ‘एचके’ असेल, जसे आय७-६८२०एचके, आय७-७८२०एचके किंवा आय९-८९५०एचके, तर तो मोकळा आहे.

गुणक म्हणजे काय, हे इथेच समजून घेतलेले बरे. प्रोसेसरला १०० मेगाहर्ट्झचा एक पायाभूत ठोका मिळतो आणि त्याला एका आकड्याने गुणून प्रत्यक्ष वेग ठरतो. ३९ हा गुणक असेल तर वेग ३.९ गिगाहर्ट्झ. कुलूपबंद प्रोसेसरमध्ये हा गुणक कारखान्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या वर जात नाही. खाली मात्र हवा तितका आणता येतो, आणि ही सोय पुढे फार उपयोगी पडते. पायाभूत ठोकाच वाढवावा अशी कल्पना काहींना सुचते, पण त्या ठोक्याशी मदरबोर्डवरच्या इतरही गोष्टी बांधलेल्या असल्याने लॅपटॉपमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता कुलूपबंद प्रोसेसर निघाला म्हणून निराश होण्याचे कारण नाही. आय७-७७००एचक्यूची कागदावरची कमाल ३.८ गिगाहर्ट्झ आहे, पण ती एका कोरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका गणन-भागावर, भार असतानाची. चारही कोर राबत असताना ती ३.४ असते. सहा कोरांच्या आय७-८७५०एचमध्ये हेच आकडे ४.१ आणि ३.९ असे आहेत. धुळीने भरलेल्या आणि पेस्ट (प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेल्या लॅपटॉपमध्ये हा दुसरा आकडासुद्धा टिकत नाही; पहिले अर्धे मिनिट वेग वर राहतो आणि मग पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. कुलूपबंद प्रोसेसर असलेल्यांचे काम एवढेच, की कारखान्याने कबूल केलेला वेग तासभर टिकवून दाखवायचा. माझ्या मते हेच काम जास्त मोलाचे आहे, मग त्याला ओव्हरक्लॉकिंग हे भारदस्त नाव देता येवो अथवा न येवो.

सुरू करण्यापूर्वी

कामाच्या फायली, फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. व्होल्टेजशी खेळताना लॅपटॉप मध्येच बंद पडणार हे गृहीतच धरायचे असते, आणि लिहिणे चालू असताना तो बंद पडला तर फाइल खराब होऊ शकते. विंडोजचा रिस्टोअर पॉइंट तयार करावा आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

त्यानंतर बॅटरी पाहावी. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डगमगत असेल, टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळाच्या झाकणाला एका बाजूने फट पडली असेल, तर बॅटरी फुगलेली आहे असे समजून इथेच थांबावे आणि ती आधी बदलून घ्यावी. फुगलेल्या लिथियम बॅटरीशेजारी उष्णतेचे प्रयोग करणे हा निव्वळ अविचार आहे. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर काम भागवावे, असेही कोणी सुचवतील. पण भार एकदम वाढला की काही गेमिंग लॅपटॉप बॅटरीतूनही थोडी वीज घेतात आणि बॅटरी नसेल तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात. चार्जर मूळचा, किंवा निदान तितक्याच वॅटचा आणि लॅपटॉपला ओळखता येणारा असावा. चार्जर ओळखला न गेल्यास काही मॉडेलांमध्ये प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकून पडतो, आणि मालक मात्र दोष विंडोजला देत बसतो.

मोजमाप

दोन प्रोग्रॅम लागतील आणि दोन्ही मोफत मिळतात: तापमान व वॅट दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच आर२३. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरूनच उतरवून घ्यावेत. लॅपटॉप लाकडी किंवा काचेच्या कडक पृष्ठभागावर ठेवावा, मागची बाजू दोन-एक सेंटिमीटर उचललेली असावी, आणि खोलीचे तापमान साध्या भिंतीवरच्या तापमापकावर पाहून वहीत लिहून ठेवावे. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. कोल्हापुरात तरी ती टाळू नये. डिसेंबरच्या पहाटे इथे पारा पंधराच्या घरात असतो आणि एप्रिल-मेच्या दुपारी तो ३७-३८ पर्यंत चढतो. स्लॅबखालच्या किंवा पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी सात वाजताही खोली तापलेलीच असते. पंख्याचा वेग आणि भार तोच असेल तर खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही तापतो. त्यामुळे जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ८४ अंशांवर थांबलेला लॅपटॉप मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ९६ ला पोहोचला, तर त्यात बिघाड काही नाही. हिशेबच तसा आहे.

सिनेबेंचची बहुकोर चाचणी दहा मिनिटे चालू ठेवावी आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये चार गोष्टी पाहाव्यात: कोरचे कमाल तापमान, प्रोसेसर पॅकेजचे वॅट, प्रत्यक्ष वेग आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (उष्णतेमुळे वेग कापला जाणे) यासमोर ‘येस’ दिसते की ‘नो’. पहिल्या मिनिटाला, तिसऱ्याला आणि दहाव्याला हे आकडे लिहून घ्यावेत. वर उल्लेखलेल्या बहुतेक प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःचा वेग कमी करून घेतो. प्रोसेसरपुरते हे संरक्षण पुरेसे आहे, पण त्याच्या भोवतालचे वीजपुरवठ्याचे घटक, पंख्याचे बेअरिंग आणि बॅटरी यांना ती उष्णता रोज सोसावी लागते, म्हणून नव्वदीच्या आत राहण्याचे उद्दिष्ट धरावे.

याच बैठकीत आपण नेहमी खेळतो तो गेम अर्धा तास चालवून तेच आकडे पुन्हा टिपावेत. गेममध्ये ग्राफिक्स चिपही तापलेली असते, आणि बऱ्याच लॅपटॉपांत दोघांच्या तांब्याच्या नळ्या एकच असतात. त्यामुळे नुसत्या सिनेबेंचवर भिस्त ठेवून भागत नाही.

उघडणे, साफ करणे, पेस्ट बदलणे

लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा, तळाचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. झाकण कडेने क्लिपांवर बसलेले असते. तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक न खुपसता जुने प्लॅस्टिकचे कार्ड सरकवावे. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असल्याने ते जिथून काढले त्याच मांडणीने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवावेत. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो वरच्या बाजूच्या कीबोर्डपर्यंत जाऊन टोचू शकतो.

पंख्याकडे वरून पाहिले तर तो बऱ्यापैकी स्वच्छ वाटतो आणि इथेच फसगत होते. खरा कचरा पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मधल्या फटीत साचलेला असतो. पंखा सोडवून बाजूला घेतला की तिथे नमद्यासारखा राखाडी थर दिसतो. चिमट्याने त्याचे एक टोक पकडून ओढले तर पुष्कळदा अख्खी पट्टीच एकसंध निघून येते, आणि तिच्यामागची तांब्याची पाती कित्येक वर्षांनी प्रथमच उजेड पाहतात. बाहेरून हवेचा झोत मारून हा थर निघत नाही, उलट तो आत आणखी घट्ट बसतो. पावसाळ्यातली दमट हवा सोसलेल्या लॅपटॉपमध्ये हीच धूळ ओलसर होऊन पात्यांना चिकटलेली असते. तिथे मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. पंख्यावर ब्लोअर मारायचा असेल तर पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो आपल्या मर्यादेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होते.

उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वापरल्या गेलेल्या लॅपटॉपबद्दल एक वेगळी सूचना करावीशी वाटते. फौंड्री आणि मशीन शॉपमधल्या काळ्या धुळीत लोखंडाचा आणि ग्राफाइटचा अंश असतो आणि हे दोन्ही वीजवाहक आहेत. अशी धूळ मदरबोर्डवर झटकून पसरवू नये. ब्रशने हलक्या हाताने बाहेरच्या बाजूला ओढून काढावी आणि बोर्ड अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा.

आता हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग. त्याच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे बारीक आकडे छापलेले असतात. काढताना उलट्या आणि बसवताना सुलट्या क्रमाने, प्रत्येक स्क्रू एकेक फेरा असे करत जावे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर धातूची टोपी नसते, सिलिकॉनचा चकचकीत तुकडा उघडाच असतो. एका कोपऱ्यावर सगळा दाब आला तर त्याचा टवका उडू शकतो. जुनी पेस्ट अल्कोहोल आणि बिनधाग्याच्या कापडाने पुसून टाकावी. नवी पेस्ट लावताना मोठ्या धातूच्या टोपीसाठी सांगितली जाणारी ‘मटाराएवढा ठिपका’ ही पद्धत इथे वापरू नये. उघड्या चिपवर पातळ पण पूर्ण थर पसरवावा, कारण जिथे पेस्ट पोहोचली नाही तो कोपरा थेट तापतो. वीज न वाहणारी कोणतीही नामवंत पेस्ट चालते. शेजारच्या मेमरी चिपांवरचे आणि वीजघटकांवरचे निळसर-करडे मऊ पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे घ्यावेत. अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा पॅड बसला तरी हीटसिंक प्रोसेसरवर टेकत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. लिक्विड मेटल नवशिक्यांनी वापरूच नये. त्यात गॅलियम असते, ते वीजवाहक आहे आणि ॲल्युमिनियमला कुरतडते. लॅपटॉप रोज बॅगेत हिंदकळतो, हेही विसरू नये.

हे काम स्वतः करण्याचा धीर होत नसेल तर दुरुस्तीच्या दुकानात द्यावे, पण शक्यतो समोर बसून करून घ्यावे आणि कोणती पेस्ट वापरणार ते आधी विचारावे. काम झाल्यावर दहा मिनिटांची तीच चाचणी, शक्य तर त्याच तापमानाच्या खोलीत, पुन्हा करावी. पुष्कळांचे समाधान इथेच होते, आणि तसे झाले तर पुढचे काहीही न करता थांबण्यात कमीपणा नाही.

व्होल्टेज उतरवणे

प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.१० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर त्याच वेगाने १.०० व्होल्टवर चालला, तर त्याची सक्रिय वीज सुमारे १७ टक्क्यांनी कमी होते. कारखाना प्रत्येक चिपला थोडे जास्तच व्होल्टेज देतो, कारण त्याला सगळ्यांत कमकुवत चिपही वर्षानुवर्षे चालवून दाखवायची असते. आपल्या चिपमधला हा हातचा राखलेला भाग काढून घेणे म्हणजे अंडरव्होल्टिंग. यात चिपला इजा होण्याचा धोका जवळपास नाही. फार उतरवले तर लॅपटॉप हँग होतो किंवा निळी स्क्रीन येते, इतकेच.

यासाठी थ्रॉटलस्टॉप हा छोटा प्रोग्रॅम वापरावा. तो उघडून ‘एफआयव्हीआर’ या बटणावर गेल्यावर व्होल्टेजचा भाग दिसतो. तिथे ‘लॉक्ड’ असे लिहून आले तर व्होल्टेज बदलता येणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, तिच्यात हीच सोय वापरून प्रोसेसरमधली सुरक्षित माहिती बिघडवता येत असे. त्यानंतर आलेल्या बायोस अपडेटांनी अनेक लॅपटॉपांत व्होल्टेजला कुलूप घातले. जुना बायोस पुन्हा टाकून हे कुलूप काढता येते असे सांगणारे पुष्कळ आहेत. बायोस लिहिला जात असताना काही अडथळा आला तर लॅपटॉप सुरूच होत नाही आणि बंद केलेली त्रुटीही पुन्हा उघडते, म्हणून मी तो मार्ग सुचवणार नाही. विंडोजची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असली तरीही काही लॅपटॉपांत व्होल्टेजचे बदल लागू होत नाहीत. ती बंद करणे म्हणजे सुरक्षेचा एक पदर सोडणे आहे, हे जाणूनच काय तो निर्णय घ्यावा. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर ती चालूच ठेवावी. अशांना पुढे दिलेला वॅटमर्यादेचा उपाय मोकळा आहे आणि त्यानेही बराच गुण येतो.

कुलूप नसेल तर ‘सीपीयू कोर’ निवडून ‘अनलॉक ॲडजस्टेबल व्होल्टेज’वर खूण करावी आणि ‘ऑफसेट व्होल्टेज’ उणे ५० मिलिव्होल्टवर न्यावे. तोच आकडा ‘सीपीयू कॅश’लाही द्यावा, नुसत्या कोरला दिल्यास बहुतेक प्रोसेसरांत फरकच पडत नाही. बाकीच्या ओळींना हात लावू नये. खाली व्होल्टेज जतन करण्याविषयीचे पर्याय असतात, त्यांपैकी प्रयोग चालू असेपर्यंत ‘जतन करू नये’ हाच निवडावा, म्हणजे लॅपटॉप अडकला तरी बंद करून सुरू केल्यावर तो मूळपदावर येतो.

उणे ५० वर दहा मिनिटांची चाचणी निभावली की दहा-दहा मिलिव्होल्टने खाली जावे. प्रत्येक चिपची मर्यादा वेगळी असते; एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांतसुद्धा ती जुळत नाही, त्यामुळे मित्राचा आकडा उचलून आपल्याकडे घालण्यात अर्थ नाही. ज्या आकड्यावर लॅपटॉप अडखळला तिथून २० ते २५ मिलिव्होल्ट मागे यावे. समजा उणे १२० ला निळी स्क्रीन आली, तर उणे ९५ ते १०० वर मुक्काम करावा.

इथे एक बारकावा आहे. पूर्ण भाराखाली टिकलेला लॅपटॉप रिकामा असताना, एखादे गाणे चालू असताना किंवा झोपेतून जागा होताना बंद पडू शकतो, कारण कमी वेगाला व्होल्टेज मुळातच कमी असते आणि त्यातून आणखी वजा झालेले असते. त्यामुळे तासभर नुसते ब्राउझर वापरून, झाकण बंद-उघड करूनही पाहावे. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टीमच्या नोंदींत ‘व्हीया-लॉगर’ या नावाच्या सूचना येऊ लागल्या असतील, तर लॅपटॉप वरवर ठीक चालत असला तरी प्रोसेसर चुका दुरुस्त करत कसाबसा चालला आहे असे समजून आणखी दहा मिलिव्होल्ट परत द्यावेत.

वॅटची मर्यादा

थ्रॉटलस्टॉपच्या ‘टीपीएल’ या भागात दोन वॅटमर्यादा असतात: एक दीर्घकाळाची आणि एक काही सेकंदांपुरती. वर सांगितलेल्या प्रोसेसरांची मूळ रचना ४५ वॅटसाठी आहे. दीर्घ मर्यादा वाढवावी की नाही हे वहीतल्या आकड्यांनी ठरवावे. दहाव्या मिनिटाला तापमान ८० च्या आत असून ‘लिमिट्स’ या खिडकीत ‘पीएल१’ (हीच दीर्घ मर्यादा) लाल-पिवळे दिसत असेल, तर प्रोसेसर उष्णतेने नव्हे तर वॅटमर्यादेने अडला आहे, आणि पाच-पाच वॅटने वर जाण्यास जागा आहे. तिथे ‘थर्मल’ किंवा ‘प्रोचॉट’ या उष्णतेच्या खुणा दिसत असतील तर मर्यादा वाढवून काहीही मिळणार नाही. उलट ती कमी केल्यास वेग स्थिर होतो. ‘बीडी प्रोचॉट’ची खूण काढून टाकावी असे सुचवले जाते, पण ती खूण म्हणजे इतर घटक तापल्यावर प्रोसेसरला थांबवणारा इशारा आहे, तो बंद करणे म्हणजे घराचा फ्यूज काढून तिथे जाड तार बांधण्यासारखे आहे.

गेमसाठी लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा, जो ऐकायला उलटा वाटतो. प्रोसेसरचा कमाल गुणक दोन-तीन पायऱ्यांनी खाली आणावा, म्हणजे ३९ चा ३६ करावा, आणि मग गेममधले फ्रेम मोजावेत. नळ्या सामायिक असल्याने प्रोसेसरने वाचवलेली उष्णता ग्राफिक्स चिपच्या उपयोगी पडते, तिचा वेग टिकतो, आणि बऱ्याच गेममध्ये फ्रेम कमी होण्याऐवजी अधिक स्थिर होतात. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत गेमची कोंडी ग्राफिक्स चिपपाशीच होते. प्रोसेसर कितीही पळवला तरी त्या कोंडीतून वाट निघत नाही. याउलट डायचे किंवा पॅटर्नचे त्रिमितीय आरेखन, प्रोग्रॅम कंपाइल करणे, इम्युलेटर चालवणे अशा कामांना प्रोसेसरचा वेग थेट लागतो. आपले काम कोणते, हे ठरल्यावरच पुढचा भाग वाचावा.

प्रत्यक्ष ओव्हरक्लॉक, फक्त ‘एचके’साठी

आधीच्या सर्व पायऱ्या झाल्या आहेत, भाराखालचे तापमान ८५ च्या आत आहे आणि व्होल्टेज उतरवलेल्या स्थितीत लॅपटॉप आठवडाभर बिनतक्रार चालला आहे, असे असेल तरच इथून पुढे जावे. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगचे पान असते आणि ते आधी चालू करावे लागते. मात्र नवशिक्याने प्रत्यक्ष आकडे बायोसमध्ये न घालता थ्रॉटलस्टॉपमध्येच घालावेत, कारण विंडोजमधला चुकीचा आकडा लॅपटॉप बंद केल्यावर निघून जातो. बायोसमधला चुकीचा आकडा मात्र सुरू होण्याआधीच वाट अडवतो.

‘एफआयव्हीआर’च्या खिडकीत ‘टर्बो रेशो लिमिट्स’ या भागात एक कोर, दोन कोर, चार कोर चालू असतानाचे गुणक दिसतात. हे मूळ आकडे वहीत उतरवून घ्यावेत. सर्व कोरांसाठीचा गुणक एकाने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवावा आणि दहा मिनिटांची चाचणी घ्यावी. निभावली तर आणखी एक. वेग वाढला की चिपला व्होल्टेजही जास्त लागते, त्यामुळे आधीचा उणे १०० चा आकडा इथे टिकेलच असे नाही. अडखळल्यास आधी तो उणे ८०, मग उणे ६० असा मागे घ्यावा. उण्यातून शून्यावर आल्यानंतरही लॅपटॉप टिकत नसेल, तर त्या गुणकाचा नाद सोडून एक पायरी खाली यावे. अधिक व्होल्टेज देऊन वेग विकत घेण्याचा खेळ डेस्कटॉपमध्ये मोठ्या हीटसिंकच्या जोरावर खेळता येतो. लॅपटॉपच्या दोन पातळ पंख्यांच्या भरवशावर तो खेळू नये.

कुठे थांबावे? सर्व कोरांवर मूळच्यापेक्षा ३०० ते ४०० मेगाहर्ट्झ अधिक मिळाले की जुन्या लॅपटॉपपुरते समाधान मानावे. त्याआधीच भाराखाली तापमान नव्वदला टेकले, चार्जर हात लावता येणार नाही इतका तापू लागला, किंवा चार्जर जोडलेला असतानाही बॅटरीचे टक्के उतरू लागले, तर तिथेच थांबून एक पायरी मागे यावे. या शेवटच्या लक्षणाचा अर्थ असा, की चार्जरची ताकद संपली आणि कमी पडलेली वीज बॅटरीतून घेतली जात आहे. सिनेबेंचमधला आकडा वाढणे थांबला आणि वॅट मात्र वाढत राहिले, तर तीही थांबण्याचीच खूण आहे.

प्राइम९५ हा प्रोग्रॅम प्रोसेसरवर सिनेबेंचहून कठोर भार टाकतो. तो रोजच्या वापराचे प्रतिनिधित्व करत नाही. शेवटी एकदा, समोर बसून, तापमानावर नजर ठेवून पंधरा-वीस मिनिटे चालवला तरी पुरे. चालू करून बाहेर फिरायला निघून जाऊ नये.

अडकल्यास

स्क्रीन थिजली तर पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा सुरू करावा. आठवडाभर निर्धोक चालल्याशिवाय थ्रॉटलस्टॉप विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था टास्क शेड्युलरमध्ये करू नये, आणि केल्यावरही त्यात एक-दोन मिनिटांचा उशीर ठेवावा. आकडा चुकला असेल तर तेवढ्या वेळात प्रोग्रॅम बंद करता येतो. तरीही लॅपटॉप सुरू होऊन लगेच बंद पडण्याच्या चक्रात सापडला, तर सेफ मोडमध्ये जाऊन थ्रॉटलस्टॉपच्या फोल्डरातली ‘आयएनआय’ फाइल काढून टाकावी. सगळे आकडे तिच्यातच साठवलेले असतात.

वर्षभराची व्यवस्था

थ्रॉटलस्टॉपमध्ये चार प्रोफाइल साठवता येतात आणि कोल्हापूरच्या हवेत त्यांचा चांगला उपयोग होतो. एक हिवाळ्याचे, ज्यात गुणक पूर्ण आणि वॅट थोडे जास्त. दुसरे मार्च ते पाऊस लागेपर्यंतचे, ज्यात गुणक एक-दोन पायऱ्या खाली. तिसरे बॅटरीवर चालवण्याचे, ज्यात टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) बंद. उन्हाळ्याचे प्रोफाइल एप्रिलच्या दुपारी तपासूनच पक्के करावे. पावसाळ्यात हवा तुलनेने थंड असली तरी लाईट वारंवार जाते-येते, आणि चार्जरवरून बॅटरीवर व पुन्हा चार्जरवर जाण्याच्या त्या क्षणीच काठावरचे व्होल्टेज दगा देते. त्यामुळे जूनमध्ये उणे आकडा दहा मिलिव्होल्टने सैल करून ठेवलेला बरा. जाळीतली धूळ वर्षातून दोनदा, एकदा होळीच्या सुमारास आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, काढावी. पेस्ट दोनेक वर्षांनी, किंवा वहीतल्या जुन्या आकड्यांपेक्षा तापमान आठ-दहा अंशांनी वाढलेले दिसले की बदलावी.

पुढे लॅपटॉप विकायचा झाला किंवा धाकट्या भावंडाला द्यायचा झाला, तर टास्क शेड्युलरमधली नोंद काढावी, थ्रॉटलस्टॉपचा फोल्डर पुसावा, बायोस मूळ स्थितीवर आणावा आणि पेस्ट कधी बदलली ते नव्या मालकाला सांगावे. आकड्यांची वहीही त्याच्याबरोबरच द्यावी. प्रत्येक चिपची मर्यादा वेगळी असल्याने ती दुसऱ्या कोणाच्या कामाची नसते.